दोन्ही एकत्र घेऊ नका

तालीम रात्री साडेदहाला सुरू झाली होती. तिसऱ्या प्रवेशात रंगमंचाच्या पुढच्या रांगेतले बारा दिवे एकदम विझले. त्याच क्षणी मागच्या भिंतीवरचे दोन दिवे मंद पेटले, त्यांचा त्या प्रवेशाशी काही संबंधच नव्हता. लाइटवाले काका शिडीवरूनच म्हणाले, "ताई, तुमचं मशीन झोपलं वाटतं."

मशीन माझंच होतं. मैत्रिणीच्या ग्रुपची एकांकिका, बजेट शून्य, लाइटचा कंट्रोलर भाड्याने आणायलाही पैसे नाहीत. मी दिवसा नोकरीत सी लिहिते, म्हणून फुशारकी मारली की एक छोटा बोर्ड, एक यूएसबी-सिरियल अडॅप्टर आणि शंभरेक ओळींचा प्रोग्रॅम, झालं काम. काम झालंही होतं. पण यूएसबीची वायर जरा हलली, अडॅप्टर सुटून पुन्हा जोडला गेला, की बारा दिवे विझायचे. बरोबर बारा. तेरावा कधीच नाही.

ती चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. पण त्या चुकीकडे मला ज्या सल्ल्याने नेलं, तो सल्ला आजही रोज कुणाला ना कुणाला दिला जातो. भांडण आहे ते त्या सल्ल्याशी.

स्टेजवरचे दिवे डीएमएक्स-५१२ नावाची भाषा बोलतात. एका वायरवरून ५१२ चॅनल, प्रत्येकाला ० ते २५५ मधला एक आकडा, वेग सेकंदाला २,५०,००० बिट. लिनक्समध्ये सिरियल पोर्टचा वेग परंपरेने ठरलेल्या यादीतून निवडायचा असतो आणि त्या यादीत २,३०,४०० नंतर थेट ४,६०,८०० येतो. २,५०,००० नाहीच. २,३०,४०० वर भागवावं तर जवळजवळ आठ टक्क्यांची चूक होते. तेवढी चूक दिव्यांना चालत नाही, ते भूत लागल्यासारखे फडफडतात.

कर्नलने याची सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. 'टर्मिऑस२' नावाचं एक स्ट्रक्चर आहे, 'बी-अदर' नावाचा एक फ्लॅग आहे. फ्लॅग लावा, हवा तो वेग लिहा, कर्नलच्या हवाली करा. हे सगळं 'एएसएम/टर्मबिट्स.एच' या हेडरमध्ये मिळतं. आणि सिरियल पोर्टची बाकीची नेहमीची कामं करायची तर सी लायब्ररीचं 'टर्मिऑस.एच' लागतं. मी दोन्ही घेतले. कंपाइलर म्हणाला: 'स्ट्रक्ट टर्मिऑस' या नावाची व्याख्या दोनदा झाली आहे, पुढे जाता येणार नाही.

ज्यांनी सी कधी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हेडर म्हणजे कुठल्या वस्तूला काय नाव आहे, ती किती बाइटांची आहे, तिच्यात काय कुठे बसतं, याची नोंद. प्रोग्रॅम त्या नोंदीवर विसंबून चालतो. आता 'स्ट्रक्ट टर्मिऑस' या एकाच नावाची नोंद कर्नलकडेही आहे आणि जीलिबसीकडेही. जीलिबसी म्हणजे बहुतेक लिनक्स मशीनवर असते ती सी लायब्ररी. माझ्या मशीनवर कर्नलच्या नोंदीप्रमाणे हे स्ट्रक्चर ३६ बाइटांचं होतं आणि जीलिबसीच्या नोंदीप्रमाणे ६०. एकाच गट नंबरचे दोन सातबारे, एकावर ३६ गुंठे, दुसऱ्यावर ६०, आणि दोन्हींवर सही-शिक्का व्यवस्थित.

मी नेटवर शोधलं. जिथे बघावं तिथे हा प्रश्न विचारलेला आणि उत्तर साधारण एकच: दोन्ही एकत्र घेऊ नका.

म्हणजे काय करू? तर कर्नलवाला भाग वेगळ्या फाइलमध्ये टाका. नाहीतर ते स्ट्रक्चर कॉपी करून आपल्याच फाइलमध्ये चिकटवा. नाहीतर एकच हेडर घ्या आणि जे फंक्शन कमी पडेल ते स्वतःच हाताने जाहीर करा. मी तिसरा मार्ग घेतला. 'टर्मिऑस.एच' काढून टाकलं आणि 'टीसीगेटॲटर' या लायब्ररीच्या फंक्शनची एक ओळ वर स्वतः लिहिली. कंपाइलर गप्प झाला. मला वाटलं, जिंकले.

पुढे काय झालं ते बाइट मोजत सांगते, कारण या प्रकरणातला सगळा राग त्या मोजणीतच आहे. माझ्या प्रोग्रॅमला कर्नलची नोंद माहीत होती, म्हणून त्याने ३६ बाइटांची जागा ठेवली. तिच्या लगेच पुढे मी दिव्यांची यादी ठेवली होती. पहिला बाइट सुरुवातीची खूण, मग चॅनल एक, दोन, तीन. पोर्ट नव्याने जोडला गेला की मी लायब्ररीला सांगायचे, आत्ताची सेटिंग या जागेत भरून दे. लायब्ररीच्या लेखी ती जागा ६० बाइटांची. कंट्रोल कॅरेक्टरसाठी कर्नलकडे १९ खाने, जीलिबसीकडे ३२. जास्तीच्या १३ खान्यांत ती इमानेइतबारे शून्य भरायची. ते १३ बाइट माझ्या यादीवर पडायचे, म्हणजे सुरुवातीची खूण अधिक चॅनल एक ते बारा. पुढचे तीन बाइट रिकामे सोडून ती दोनदा वेग लिहायची. तो जाऊन बसायचा चॅनल १६ आणि २० वर. आकडा होता १३. नव्याने जोडलेला पोर्ट ९६०० वर उघडतो आणि ९६०० या वेगाचा कोड आहे १३. मागच्या भिंतीवर मंद पेटणारे ते दोन दिवे म्हणजे माझ्या सिरियल पोर्टचा वेग होता. हे कळलं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते आणि मी एकटीच हसत होते.

तर माझं म्हणणं असं आहे. कंपाइलरने दिलेली ती एरर ही अडचण नव्हतीच. या नावाच्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढंच तो सांगत होता, आणि त्या सगळ्या गदारोळात खरं बोलणारा तो एकटाच होता. 'दोन्ही एकत्र घेऊ नका' हा सल्ला त्या खरं बोलणाऱ्याचं तोंड दाबतो. भांडण तसंच राहतं, फक्त कंपाइल करताना दिसायचं ते आता चालताना दिसतं. आणि चालताना ते कुणाच्या नशिबी येईल हे सांगता येत नाही. माझ्याकडे दिवे होते. दुसऱ्या कुणाकडे पंप असेल, वजनकाटा असेल.

"स्ट्रक्चर कॉपी करून टाक ना, कर्नलचा एबीआय बदलत नाही" असं मला एका अनुभवी सहकाऱ्याने सांगितलं होतं. सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता. त्यातलं पहिलं वाक्य चूक असलं तरी दुसरं खरं आहे. चालू प्रोग्रॅम मोडायचे नाहीत हा कर्नलचा नियम टोरवाल्ड्स फार कडकपणे पाळतात आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण एबीआय बदलत नाही तो एका आर्किटेक्चरपुरता. 'बी-अदर' ची किंमत एक्स८६ वर ऑक्टलमध्ये १०००० आहे, पॉवरपीसीवर ३७. 'टर्मिऑस२' हे स्ट्रक्चर तर पॉवरपीसीवर नाहीच, तिथे साध्या 'टर्मिऑस' मध्येच वेगाचे रकाने आहेत. नेटवरून उचललेला तो तुकडा लॅपटॉपवर चालतो, बोर्डावर चालतो आणि तिसरीकडे अर्थहीन होतो. हेडर ही चीज जन्माला आली ती नेमकं हे टाळायला. आकडा तू लक्षात ठेवू नकोस, मशीनप्रमाणे योग्य तो मी देईन. आपण मात्र हेडर बाजूला सारून आकडे पाठ करायला लागलो.

याहून जरा शहाणा वाटणारा सल्ला म्हणजे, कर्नलच्या हेडरना हातच लावू नका, जे हवं ते लायब्ररी देईल. बरं. किती दिवसांनी देईल?

'गेटटीआयडी' हा सिस्टिम कॉल बघा. काम एवढंच, मी कुठल्या थ्रेडमध्ये आहे त्याचा नंबर सांग. कर्नलमध्ये तो २.४.११ पासून आहे, म्हणजे २००१ पासून. जीलिबसीने त्याचं फंक्शन दिलं २.३० मध्ये, ऑगस्ट २०१९ ला. अठरा वर्षं. मुलगी जन्मून मतदानाला पात्र झाली. या अठरा वर्षांत लोक काय करत बसले असतील? प्रत्येकाने आपापल्या प्रोजेक्टमध्ये त्याच नावाचं स्वतःचं छोटं फंक्शन लिहिलं. आणि ज्या दिवशी लायब्ररीला जाग आली, त्या दिवशी ते सगळे प्रोजेक्ट मोडले, कारण आता हेडरमध्येही तेच नाव आणि यांच्या फाइलमध्येही तेच. जीआरपीसीसारख्या मोठ्या प्रोजेक्टलाही आपल्या फंक्शनचं नाव बदलावं लागलं. लायब्ररीची वाट बघणारा थांबलाच. न थांबणारा अठरा वर्षांनी अडकला.

आता हे असं का झालं, त्याचा थोडा इतिहास. फार लांबवत नाही.

सुरुवातीच्या काळात लिनक्स मशीनवर कर्नलच्या हेडरचा फोल्डर म्हणजे थेट कर्नलच्या सोर्स कोडकडे नेणारी एक लिंक असायची. नवा कर्नल उतरवला की लायब्ररीच्या पायाखालचे हेडर आपोआप बदलायचे. २००० साली टोरवाल्ड्सनी स्वतः लिहिलं की हे बंद करा, लायब्ररी ज्या हेडरवर कंपाइल झाली तेच तिथे असायला हवेत. २००६ च्या सुमारास कर्नलमधून बाहेरच्यांसाठी स्वच्छ हेडर काढून देण्याची सोय आली. २०१२ मध्ये डेव्हिड हॉवेल्स यांनी मोठी वाटणी केली: बाहेर द्यायचे हेडर 'यूएपीआय' नावाच्या फोल्डरमध्ये, घरातले घरात. काम किचकट होतं आणि उत्तम झालं.

पण वाटणी झाली ती फाइलींची. नावांची झालीच नाही. 'स्ट्रक्ट टर्मिऑस' इकडेही राहिला, तिकडेही.

२०१३ मध्ये एक तह झाला. नेटवर्किंगमध्ये 'इन६_ॲडर' या स्ट्रक्चरवरून हाच तंटा होता, तेव्हा कर्नलमध्ये 'लिबसी-कम्पॅट.एच' नावाचं हेडर आलं. ते बघतं की जीलिबसीची व्याख्या आधी येऊन बसली आहे का. बसली असेल तर कर्नल आपली व्याख्या मागे घेतो. कर्नल आधी आला असेल तर जीलिबसी मागे सरते. समजूतदारपणा आहे यात, नाकारत नाही. पण हा तह एकेका नावापुरता, हाताने लिहिलेला. ज्या नावांची यादी झाली त्यांच्यापुरता शांतता काळ, बाकीच्यांची मारामारी चालू. शिवाय सुरुवातीला त्यात विचारलं जायचं ते एवढंच, समोर जीलिबसी आहे का? अल्पाइन लिनक्समध्ये असलेली मसल ही दुसरी लायब्ररी त्या हिशेबात नव्हतीच. मसलवाले 'मी मसल आहे' असं सांगणारा मॅक्रो मुद्दाम देत नाहीत. त्यांचं म्हणणं, लायब्ररीचं नाव बघून वागू नका, ती काय देते ते तपासा. तत्त्व मला पटतं. पण अल्पाइनवर रात्री दोन वाजता कंपाइल न होणाऱ्या पॅकेजसमोर बसले असताना तत्त्वं फारशी आठवत नाहीत.

आणि मग २०२२. फाइलसिस्टिम माउंट करायचे नवे सिस्टिम कॉल कर्नलमध्ये २०१९ पासून येत होते. जीलिबसीने ते ऑगस्ट २०२२ च्या २.३६ मध्ये दिले. या वेळी उशीर कमी होता, छान. पण देताना काय केलं? कर्नलच्या 'लिनक्स/माउंट.एच' मधलं 'स्ट्रक्ट माउंट_ॲटर' आणि 'एफएसकॉन्फिग_कमांड' हा एनम, दोन्हींची व्याख्या आपल्या 'सिस/माउंट.एच' मध्ये पुन्हा लिहिली. त्याच बाइटांची, त्याच नावाने. 'लिनक्स/एफएस.एच' हे नेहमी लागणारं हेडर आतून 'लिनक्स/माउंट.एच' घेतं, त्यामुळे ज्यांनी या नव्या गोष्टींचं नावही ऐकलं नव्हतं, ज्यांना फक्त डिस्कचा आकार विचारायचा होता, असे प्रोग्रॅमही कंपाइल व्हायचे थांबले. क्यूएमयू मोडलं, बीटीआरएफएसची साधनं मोडली. जिकडेतिकडे पॅच फिरायला लागले, हे हेडर आधी घ्या, ते काढा, ही अट घाला.

इथे मात्र ३६ आणि ६० चा प्रश्न नव्हता. दोन्ही नोंदी अक्षरशः सारख्या होत्या. मग दुसरी लिहिलीच कशाला? काही आठवड्यांत जीलिबसीनेच दुरुस्ती केली: कर्नलचं हेडर हजर असेल तर 'सिस/माउंट.एच' ते सरळ आत घेतं, स्वतःची व्याख्या फक्त ते नसेल तेव्हा वापरतं. चार ओळींची अक्कल. पण ती चार ओळींची अक्कल येईपर्यंत जगभरच्या पॅकेज सांभाळणाऱ्यांनी किती संध्याकाळी घातल्या त्याचा हिशेब कुठल्याच बाजूच्या वहीत नाही. त्यातले कितीतरी जण हे काम पगाराशिवाय करतात.

जीलिबसीची बाजू ऐकून घेतली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. पॉझिक्स हे मानक सांगतं की अमुक हेडर घेतलं तर अमुकच नावं दिसली पाहिजेत, भलती नावं प्रोग्रॅमच्या अंगणात येता कामा नयेत. कर्नलचे हेडर हे पथ्य पाळत नाहीत. एक घ्यायला जावं तर दहा नावं पाठोपाठ येतात. शिवाय जीलिबसी फक्त लिनक्ससाठी नाही, हर्डवरही चालते. आणि काही ठिकाणी लायब्ररीची वस्तू खरोखरच वेगळी असते, तिला पुढच्या काळासाठी जास्तीची जागा राखून ठेवायची असते. 'टर्मिऑस' तसंच आहे.

मान्य. पण वस्तू वेगळी असेल तर नाव वेगळं ठेवा ना. कर्नलला हे जमत नाही असं नाही. २०३८ सालच्या वेळेच्या घोटाळ्यासाठी ६४ बिटांची वेळ आणली तेव्हा त्यांनी तिचं नाव 'कर्नल_टाइमस्पेक' असं ठेवलं, पुढे दोन अंडरस्कोअर लावून. लायब्ररीचं 'टाइमस्पेक' वेगळं, कर्नलचं वेगळं, दोघं एका फाइलमध्ये सुखाने नांदतात. जुन्या नावांसाठी हेच करा म्हटलं की उत्तर येतं, जुना सोर्स कोड मोडेल. जो सोर्स कोड आजही दोन हेडर एकत्र घेतले की मोडतो, तो?

वस्तू तीच असेल तर एकानेच लिहावी, आणि ती लिहिण्याचा हक्क कर्नलचा. बाइट त्याच्या दारात जाऊन वाचले जाणार आहेत. लायब्ररीने ती नोंद आत घ्यावी, नक्कल करू नये.

हे स्वप्नरंजन नाही. तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय तो अँड्रॉइड असेल तर त्यात बायॉनिक नावाची सी लायब्ररी आहे. बायॉनिक कर्नलचे 'यूएपीआय' हेडर घेते, एका स्क्रिप्टमधून साफ करते, जिथे नावं आदळतील तिथे ती बदलते आणि आपल्या हेडरमध्ये सरळ तेच वापरते. तिचं 'टर्मिऑस.एच' कर्नलचंच 'टर्मिऑस.एच' आत घेतं. तिथे ६० बाइटांचा दुसरा सातबाराच नाही. फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीत तर कर्नल आणि लायब्ररी एकाच सोर्समध्ये राहतात, तिथल्या लोकांना हा वाद समजावून सांगायला लागलं की ते आपल्याकडे दयेने बघतात. (हे जरा जास्त झालं. पण बघतात.)

मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. 'दोन्ही एकत्र घेऊ नका' हे वाक्य ज्या आवाजात म्हटलं जातं तो आवाज. आमच्याकडे कॉलेजातून एक मुलगा इंटर्नशिपला आला होता. हुशार, शांत. दुसऱ्याच आठवड्यात तो अशाच एका एररपाशी अडकला आणि त्याने टीममध्ये विचारलं. उत्तर आलं, "हे बेसिक आहे रे, आधी वाचून ये." तो वाचून आला. हेडर म्हणजे काय, इन्क्लूड गार्ड म्हणजे काय, सगळं वाचून आला. त्याचं काही चुकलंच नव्हतं, तर वाचून त्याला काय सापडणार? तीन दिवस तो स्वतःचा कोड पुसून पुन्हा लिहीत राहिला. इंटर्नशिप संपल्यावर म्हणाला, "मॅडम, सी आपल्याला जमणार नाही." आज तो वेब अॅप करतो आणि छान करतो. त्याबद्दल काही तक्रार नाही. पण त्या दिवशी त्याला कुणीतरी, म्हणजे मी, एवढंच सांगायला हवं होतं की बाबा, हे दोन मोठ्या घरांचं जुनं भांडण आहे, तू मध्ये उभा आहेस. मी सांगितलं नाही, कारण तेव्हा मलाही ते बेसिकच वाटत होतं.

२०२५ च्या जीलिबसी २.४२ मध्ये 'टर्मिऑस.एच' बदललं. आता वेग म्हणजे साधा आकडा, हवा तो लिहा, लायब्ररी कर्नलशी बोलून घेते. २,५०,००० सरळ चालतं. बी-अदर नको, टर्मबिट्स नको, हाताने जाहीर केलेली फंक्शनं नकोत. बातमी वाचली तेव्हा मी तो जुना प्रोग्रॅम उघडला. मधल्या काळात त्यातली चूक मी दोन फाइली वेगळ्या करून काढली होती, म्हणजे शेवटी मीही तोच सल्ला पाळला होता. नव्या लायब्ररीवर घरच्या लॅपटॉपवर लिहून बघितलं, कोड निम्मा झाला.

पण तो बोर्ड काकांकडे आहे आणि त्यावर जुनी सिस्टिम आहे. अपडेट करू का म्हणून मी फोन केला.

"पुढच्या महिन्यात तीन प्रयोग आहेत," काका म्हणाले. "चाललंय ना? मग हात नका लावू, ताई."